बांधावरची घायपात

त्या आठवड्यात ओतिलियाला धड एक वेळ बसून जेवताना मी पाहिलं नाही. मक्याची भाकरी हातात घेऊन ती बांधावर जायची, थोरल्या घायपातीचा गाभा चाचपायची आणि परत यायची. चुलीवर घेवडा करपायचा, तो उतरवून बाई पुन्हा बांधावर. मी समोरच राहते, त्यामुळे तिच्या खेपांवर नजर ठेवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं होतं.

तिच्या बाकीच्या घायपातींचे गड्डे अळीने पोखरले होते. उरली ही एकच, तिच्या मेलेल्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेली. बारा वर्षं पोसायची तेव्हा घायपात एकदाच देते. फुलाचा दांडा निघायच्या आत गाभा कापला, तर पोटात मधपाणी जमतं. ते आटवलं की पाक. दांडा एकदा वर आला की सगळं गोड त्यात चढतं आणि आपल्या हाती वाळकी पानं. सोमवारच्या बाजारात मांडायला ओतिलियाकडे यंदा या पाकाशिवाय काही नव्हतं.

पण दीर आडवा आला होता. निकानोर सोळाव्या वर्षी शहरात गेला, तिथे विटा रचत राहिला आणि भाऊ गेल्यावर वाटणी मागायला परतला. वाटणीचा बांध नेमका या झाडाखालून गेला. झाड माझं, असं तो म्हणायचा आणि माझं, असं ती. मुखियाने दोरी धरून पाहिली, तर ती बरोबर बुंध्यावरून गेली. त्याने डोकं खाजवलं, रविवारच्या सभेत ठरवू, तोवर कुणी हात लावायचा नाही, असं सांगितलं आणि तो निघून गेला.

गुरुवारी गाभा सूत कातायच्या चातीसारखा टोकदार झाला, म्हणजे दांडा दोन दिवसांत वर येणार. शुक्रवारी उन्हं वर येताच ओतिलियाने पहार उचलली. काटेरी पानं दूर सारून ती आत शिरली आणि गाभा मुळापासून उपटून तिने बांधावर फेकला. दंडांवरून रक्ताचे ओघळ येत होते. निकानोर धावत आला तेव्हा सगळं उरकलं होतं.

"वहिनी, सभेपतुर थांबायचं ठरलं व्हतं."

"त्ये झाडाला सांगा," ती म्हणाली. "त्ये थांबलं असतं तर म्या बी थांबले असते."

सभेने दंड म्हणून तिला दोन दिवस गावचा पाट साफ करायला लावला. मग निकाल दिला की झाड दोघांचं. गाभा काढलेलं पोट रोज दोनदा खरवडावं लागतं. सकाळची पाळी तिची, संध्याकाळची त्याची. एक जरी पाळी चुकली तरी आतली जखम भरू लागते आणि पाणी आटतं. म्हणजे एकाने खुन्नस काढली की दोघांचंही बुडालं. माणसं खूश होऊन घरी गेली. ओतिलियाची झोप मात्र उडाली.

गाभा काढलेलं झाड काही महिने तसंच मुरू दिलं आणि ऑक्टोबरात पोट उघडलं. सकाळी ती वाळक्या, पोकळ लांब भोपळ्याने मधपाणी तोंडाने ओढून घ्यायची, पातळ खरवडायची, वर पान ठेवून दगड ठेवायची. दिवसभर मग नुसती घालमेल. संध्याकाळी निकानोर आला की ती साक्षीदार म्हणून मला ओढत न्यायची. तो बोटभर जाड साल काढायचा. अशाने चार महिन्यांचं झाड महिन्यात संपलं असतं.

"मुद्दाम करतोय मेला," ती माझ्या कानात म्हणायची. मलाही तसंच वाटत होतं.

चौथ्या संध्याकाळी ती त्याच्या हाताकडे बघत होती. खरवडायचं पातं त्याने गवंड्याच्या थापीसारखं धरलं होतं. मग मलाही कळलं. त्याला येतच नव्हतं. शिकायच्या वयात तो शहरात होता, आणि आता पन्नाशीला भावजयीला विचारणार कसा?

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा ती मलाच शिकवू लागली. "हासिंता, पातं आडवं धरत जा गं. कांद्याची साल निघती तेवढंच काढायचं. तुजा हात लई जड हाय."

मी चाळीस वर्षं खरवडतेय, माझ्या हाताला गावात कुणी नाव ठेवलं नाही. तरी मी मान खाली घालून ऐकलं. अंगाचा तिळपापड झाला होता. निकानोरने आमच्याकडे पाहिलंही नाही, पण पातं आडवं केलं.

मग झाड फेब्रुवारीपर्यंत चाललं. निकानोर एकटा, त्याच्या घरी पाक आटवणार कोण? तो आपली घागर तिच्या दाराशी ठेवून जाऊ लागला. ती दोन्ही घागरी एकाच कढईत ओतायची आणि बाटल्या निम्म्या-निम्म्या करायची. तसा दाट, तांबूस पाक मी बऱ्याच वर्षांत चाखला नव्हता. बोलणं तरीही पाळीपुरतंच.

एका सकाळी पोट कोरडं निघालं. पानं पिवळी पडून भुईला टेकली. भांडायचं झाड संपलं, आता ही दोघं एकमेकांचं तोंडही बघणार नाहीत, असं मी धरूनच चालले होते, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं.

संध्याकाळी निकानोर नेहमीच्या वेळी आला. बुंध्याशी फुटलेलं एक पिल्लू त्याने खणून काढलं, बांध ओलांडला आणि हातभर आत, तिच्या रानात खड्डा घेतला. वर न बघता म्हणाला, "ह्ये तुमचं, वहिनी. भांडान नगं."

ओतिलियाने ते पिल्लू त्याच्या हातातून काढून घेतलं आणि बांधावर नेऊन मधोमध ठेवलं.

"हितं खणा," ती म्हणाली. "येकटीनं दोन येळा खरवडाया मला न्हाई जमायचं."