उतरायचं राहिलं

दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "सायकल येते?" आणि मी ठोकून दिलं, "येते की!" खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं. गोवंडीत घरोघरी क्षयाची औषधं पोचवायची नोकरी होती. सोमवारी सायकल चालवून दाखवायची होती आणि हातात तीनच दिवस होते.

गिरण्यांचा संप सुरू होऊन सव्वा वर्ष झालं होतं. आमचे हे, दत्ताराम, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेले. दोन पोरं, आणि घरात मिळवतं कुणीच नाही. ही नोकरी हुकली की वाट लागलीच म्हणायची. पण सायकलचं नाव काढलं आणि हे ताडकन उठले! शुक्रवारपासून घाटकोपरच्या मैदानात माझी शिकवणी सुरू. "हँडल आवळू नको गो. चाकाकडे बघू नको, पुढं बघ. जिथं बघशील तिथंच जाशील." सासूबाईंचं नऊवारी लुगडं नेसून, कासोटा घट्ट मारून, मी कट्ट्यावरून ह्यांच्या दांडीच्या सायकलवर चढायची. हे मागून कॅरिअर धरून धावायचे.

रविवारी ह्यांनी हात सोडला. आणि मी चालले, अगं बाई, एकटी चालले! एक फेरी झाली, दुसरी झाली. मग डोक्यात आलं, उतरायचं कसं? पाय तर जमिनीला पोचत नव्हते.

"अहो! उतरू कशी?"

हे नुसते उभे. तिसरी फेरी, चौथी. मांड्या भरून आल्या. ब्रेक दाबावा तर सायकल डुलायची, न दाबावा तर सुटका नाही. कट्ट्यावरचे बाप्ये हसायला लागले. "वैनी, आज मुक्काम तिथंच काय?" मेल्यांनो, तुमचं काय जातंय! मला रडूच फुटलं. संप सुरू झाल्यापासून मी अशीच फिरत होते, थांबले की पडणार.

सातव्या फेरीला रागानं ह्यांच्याकडेच बघत राहिले आणि सरळ ह्यांच्यावर जाऊन आदळले. दोघंही मातीत.

"तीन दिवस झाले!" मी तिथंच बसून ओरडले. "चढायचं शिकवलंत, उतरायचं का नाही? मुद्दाम ना?"

हे कोपर झटकत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उतरायला शिकलीस की माझं काम संपलं गो."

राग होता तो होताच, पण मी उठून सायकल उभी केली.

"उद्या सोमवार," मी म्हटलं. "दाखवा."

ह्यांनी दाखवलं. वेग मोडायचा, डाव्या पायडलवर भार द्यायचा, उजवा पाय मागून काढायचा आणि सायकलबरोबर दोन पावलं चालायचं. मला पहिल्याच खेपेला जमलं. हे बघत होते.

मी कासोटा नीट केला.

"छे, नाही जमत," मी म्हटलं. "परत दाखवा."