इद्रीसच्या कॅसेटसाठी लागणारी शांतता

भिवंडीत रॉक म्युझिकचा आल्बम रेकॉर्ड करण्यात अडचण अशी एकच आहे. शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात, पण त्या दिवशी लाइटच नसते म्हणून बंद असतात. बाकीच्या दिवशी लाइट असते, आणि मग लूमही असतात.

१९९१ साली इद्रीसनं ही अडचण मानायची नाही असं ठरवलं. तो गिटार वाजवायचा आणि गायचा, मी ड्रम वाजवायचो. बँडमध्ये तिसरा कोणी नव्हता, कारण तिसऱ्यावर इद्रीसचा विश्वास बसला नसता. माझ्यावरही पूर्ण नव्हता. तालमीत तो स्वतःच्या गाण्यांचे शब्द गिळायचा आणि नुसतं ना ना ना म्हणायचा.

"मुंबईतल्या कोणी ऐकलं आणि चोरलं तर?"

"आपण भिवंडीत टेमघरला आहोत, इद्रीस."

"मुंबईहून माणूस येऊ शकतो, चंद्या. रस्ता आहे."

घाई मात्र खरी होती. पुढच्या आठवड्यात तो मामूकडे कतारला निघणार होता. गिटार आणू नकोस, कस्टमवाल्यांना संशय येतो, असं मामूनं फोनवर बजावलं होतं. म्हणजे जाण्याआधी कॅसेट झाली तर झाली. नाहीतर इद्रीस हा गाणी करायचा, एवढं फक्त मी सांगणार, आणि मी सांगितलेलं कोणी खरं मानत नाही.

स्टुडिओ म्हणजे त्याच्या अब्बांचं रिकामं गोदाम. भिंतींना मंडपवाल्याच्या गाद्या बांधल्या होत्या. मंडपवाल्यानं कशाला हव्यात ते विचारलं नाही, पण समोरच्या टपरीवर बसून दिवसभर गाद्यांवर नजर ठेवली. रेकॉर्डिंगला डोंबिवलीचे चिंतामणी करंबेळकर आले होते. एरवी ते भजनं रेकॉर्ड करायचे. मशीन त्यांनी ओळखीच्याकडून एका दिवसापुरतं मागून आणलं होतं, ते संध्याकाळी परत करायचं होतं.

दुपारपर्यंत शेवटचं सोडून सगळी गाणी झाली. ती इतकी मोठ्यानं होती की शेजारच्या लूमचा खडखडाट त्यात मुरून गेला. शेवटच्या गाण्याची सुरुवात मात्र नुसत्या गिटारनं होती, आणि मग पुढे जबरदस्त आरडाओरडा. करंबेळकरांनी कानाला हेडफोन लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे मागे कोण वाजवतंय?"

"काळूराम शेठ," मी म्हणालो. "शेजारी कारखाना आहे त्यांचा."

"त्यांना म्हणावं, ताल सुटतोय."

आवाज नेमका कुठून शिरतो ते बघायला करंबेळकर लांब वायर घेऊन बाहेर पडले. डोक्यावर हेडफोन, बांबूच्या टोकाला बांधलेला माइक. मागे मी मशीन उचलून, मशीनवर हलणारा काटा. ते काळूराम शेठच्या भिंतीला माइक लावायचे, काट्याकडे बघायचे आणि जीभ टाळ्याला लावून च्च करायचे. खिडकीपाशी केलं, मीटरच्या पेटीपाशी केलं. मीटरच्या पेटीपाशी च्च जरा मोठं झालं.

आतला एक लूम थांबला. मग दुसरा. मग एकदम सगळे.

आम्ही खूश होतोय तोवर पलीकडचा कारखाना बंद पडला. त्याच्या पलीकडचाही. लाइटवाल्यांचं पथक आलंय, यंदा नवीन मशीन आणलंय, ही बातमी आमच्यापेक्षा पुढे चालत होती. मंजूर लोडपेक्षा जास्त लूम कोण चालवतं हे टेमघरमध्ये कोणी कोणाला विचारत नसे. शांतता होत गेली तशी माणसं घराबाहेर आली. काय झालं, असं एकमेकांना हळू आवाजात विचारू लागली. एक म्हातारी तर कानात करंगळी घालून हलवत होती.

आम्ही आत येऊन दार लावतोय तोच काळूराम शेठ दारात. अंगात पांढरा सफारी, चेहऱ्यावर पाहुणचार.

"काय रं इद्रीस, पाव्हनं कोन हायत?"

इद्रीसनं माझ्याकडे बघितलं. खरं सांगितलं तर लूम चालू होणार. खोटं सांगावं तर पुढे काय वाढून ठेवलंय माहीत नाही.

"डोंबिवलीचे साहेब आहेत," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं.

"बसतो मी हितंच. तुमचं चालू द्या," शेठ म्हणाले आणि मशीनसमोरच्या खुर्चीत बसले. "ढोल कशाला?"

"टेस्टिंगला," करंबेळकर म्हणाले. यातही नव्हतं.

इद्रीसनं सुरू केलं. गिटारपर्यंत ठीक होतं. मग त्यानं तोंड उघडलं, काटा फाडकन लाल पट्ट्यात गेला आणि शेठ उभे राहिले.

"थांब थांब. ह्यो काटा का पलला?"

"आवाज जास्त झाला की जातो."

"म्हंजे ह्यो वरडनार, नि काटा माझ्या नावावर पलनार?" शेठ इद्रीसजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाला, तुझ्या बापाशी माझा घरोबा हाय. हलू गा."

"शेठ, हे रॉक आहे. हळू गात नाहीत."

"मंग जा कतारला नि तिकरं वरड. हितं हलू."

इद्रीसचा चेहरा उतरला. त्यानं गिटार खाली ठेवली आणि जे करायचं नव्हतं तेच केलं.

"शेठ, हे लाइटवाले नाहीत. मी कॅसेट काढतोय. तुम्ही लूम चालू करा, मी ओरडतो. होईल ते होईल."

शेठनं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हळूच हसले.

"लाइटवाले न्हायत म्हनून सांगायला तुला त्यांनीच शिकवलंय. मना येरा समजतोस?"

"खरंच नाहीत हो," करंबेळकर म्हणाले. "मी भजनं रेकॉर्ड करतो."

"ह्ये बघ, साहेब पन तेच बोलतो," शेठ म्हणाले. दोघं इतकं एकसारखं बोलतात म्हणजे ठरवून आलेत, याबद्दल त्यांना आता शंकाच उरली नाही. ते पुन्हा खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे काट्यावर.

बाहेर अख्खी गल्ली गप्प होती. मशीन परत द्यायची वेळ होत आली होती. इद्रीसनं गिटार उचलली आणि हळू गायला लागला. काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे राहावा इतपत. मीही काठ्या ठेवून नुसत्या बोटांनी वाजवलं.

त्या गाण्याचे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. मला वाटलं होतं, त्यात बंड असणार. त्यात अम्मीला सांगितलं होतं की, मी नसताना रात्री कोणी दार वाजवलं तर आधी नाव विचार. खिडकीतून बघ. मी आहे असं कोणी म्हणालं तरी लगेच उघडू नकोस, मी माझ्याच आवाजात हाक मारीन. एवढंच होतं सगळं. अख्ख्या जगावर संशय घेणारा मुलगा घर कोणाच्या भरवशावर सोडायचं ते ठरवत होता.

गाणं संपलं. करंबेळकरांनी बटण दाबलं आणि हेडफोन इद्रीसच्या कानाला लावला. त्यानं सगळं ऐकलं. मध्ये एकदा त्यानं मान वळवून गाद्यांकडे तोंड केलं.

"अजून एकदा घेऊया का?" करंबेळकर म्हणाले. "मोठ्यानं? दहा मिनिटं आहेत."

"नको."

"अरे, तुझा तर आरडाओरडा राहिला."

"राहू दे," इद्रीस म्हणाला. "शेठ, झालं आमचं. लूम चालू करा."

शेठ जागचे हलले नाहीत.

"येवढ्या लवकर सोरलं?"

"हो."

"काय लिवून नेलं न्हाय. चहा पन घेतला न्हाय." ते उठले, मशीनभोवती एक चक्कर मारली, काटा शून्यावर आहे हे वाकून बघितलं, आणि मला दंडाला धरून दाराबाहेर घेतलं. गल्लीतले सगळे कारखानदार आपापल्या दारात उभे राहून आमच्याकडे बघत होते.

"खरं सांग, चंद्या. उद्या येनार हायत का ह्ये?"

"नाही शेठ. आजच संपलं सगळं. इद्रीस तर चाललाच."

शेठनं मान हलवली. मग समोरच्या दारातल्यांना हातानंच खूण केली, बंदच ठेवा.

"म्हंजे उद्या येनार," ते म्हणाले.