टेकबहादूरचं घड्याळ

लढाईत पडलेल्या टेकबहादूरचं घड्याळ त्याच्या आईला पोचवायचा शब्द तिसगावच्या मच्छिंद्र हवालदाराने दिला होता. जयनगरपर्यंत आपली रेल्वे, तिथून सीमेपार नेपाळची छोटी गाडी, मग डोंगरातलं गाव. जयनगरचं तिकीट काढलं, पण मुहूर्त निघाला सोमवारचा न् गाडी गुरुवारची! म्हणून रीतीप्रमाणे घड्याळाचं गाठोडं सोमवारीच शेजारच्या राहीबाईकडे प्रस्थान ठेवलं. म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरायचं.

गुरुवारी सकाळी तो गाठोडं न्यायला गेला.

"आरं, तुझा सोबती सोमवारीच घिऊन गेला की! बुटका, बारीक डोळ्यांचा. म्हन्ला, मावशी, मी घरीच निघालोय, मच्छिंद्राला कशाला हेलपाटा?"

मच्छिंद्रने खिशातलं कोरं तिकीट काढलं. तपासनिसाच्या चिमट्याने त्याला तीन भोकं पाडली होती.