म्हसोबाचे दगड

माझी थोरली रतन जन्मली ते साल १९३४. तिची पाचवी पुजली त्याच दिवशी भीमा फुगली, आणि मी सुक्या भोपळ्यांच्या सांगडीवरून धोंडाकाकूला आणायला निघालो.

आमच्या गावाखाली नदीच्या पात्रात एक ठेंगणी टेकडी आहे. पावसाळ्यात तिचं बेट होतं. काठावर पिकं उभी असत, म्हणून गाव आपली भाकड जनावरं तिथं चरायला सोडी. माझी विधवा चुलती धोंडाकाकू दसऱ्यापर्यंत त्यांच्यासोबत राही. टेकडीवर जाणारा प्रत्येकजण नदीतला एक दगड वर नेऊन माथ्यावरच्या म्हसोबापुढं टाकी. टाकलेला दगड कुणी हलवायचा नाही, अशी रीत.

मी पोचलो तेव्हा निम्मी टेकडी बुडाली होती. जनावरं निसरड्या उतारावर धडपडत होती, आणि माथ्यावरची सपाट जागा दगडांच्या राशीनं अडवलेली. काकूला म्हटलं, चल.

"मी आले तर ह्यांनी कुणाकडं बघायचं? तू जा, सोपाना. घरात बाळंतीण हाय."

तिनं पदर खोचला, म्हसोबाला हात जोडले आणि राशीतला दगड उचलला. माझे हात पुढं होईनात.

"देवाचं दगड हायेत, काकू."

"मग देवाच्याच कामाला लावतीया. धर हिकडनं."

माथ्याच्या कडेनं आम्ही दगडांचा कठडा रचला, आत माती भरली आणि एकेक जनावर वर ओढलं. दिवस मावळताना पाणी कठड्याला लागलं आणि तिथंच थांबलं. एक कालवड तेवढी गेली.

पूर ओसरल्यावर महिपतीआबा पाटील माणसं घेऊन आले. रास होती तशी रचून दे, म्हणाले.

"आबा, तुमची म्हस त्याच्यावरच उबी हाय," काकू म्हणाली. "तिला तेवढी खाली उतरवा. मग रचते."

माणसं हसली. तरी गावानं तिला वर्षभर देवळाची पायरी चढू दिली नाही. ती खालूनच हात जोडी, आणि उन्हाळाभर डोक्यावरून दगड नेऊन कठडा वाढवी.

पुढच्या पावसाळ्याआधी जनावरं सोडायला आबा स्वतः आले. हातात दगड होता. म्हसोबापुढं थोडं थांबले, आणि दगड कठड्यावर ठेवून खाली उतरले.

धोंडाकाकू १९३८ सालच्या श्रावणात हिवतापानं टेकडीवरच वारली. नदी भरलेली होती. जनावरं सगळी वर होती.