सायकीची रजा

"अक्का, सायकीनी माय येल शे. फाटकजोडे बशेल शे," झुलाल शिपाई सांगत आला.

"बसू दे तिले. पोरले लई येस मी," लताबाई म्हणाल्या आणि सायकीला घेऊन यायला उठल्या.

लताबाई शिंदखेड्याकडच्या; झुलालशी त्या तिकडच्या बोलीतच बोलायच्या. धडगावच्या डोंगरातल्या या आश्रमशाळेत मुलींच्या अधीक्षिका. पावरा पोरी पहिलीत यायच्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द यायचा नाही. आदिवासी मुलं मुख्य प्रवाहात आणा, आवारात मराठीच बोला, असा वरून हुकूम होता आणि तपासणीचे साहेब तेवढंच बघायचे. पावरी बोलेल तिच्या गळ्यात पाटी अडकवायची शक्कल मात्र बाईंची स्वतःची. ती चांगली लागू पडली. तिसरीतली सायकी तर साहेबांपुढे कविता घडाघडा म्हणायची. बाईंची ती लाडकी होती.

फाटकाशी जोंगीबाई लेकीला बघताच उठली आणि भरभर बोलत सुटली. बाईंना पावरी येत नव्हती. शिका, असं त्यांना कुणी कधी म्हटलंही नव्हतं.

"काय म्हणतेय आई?"

"आजी खूप आजारी आहे. माझी आठवण काढते. मला घरी बोलावलं आहे." सायकीनं धडा वाचावा तसं सांगितलं.

"मग जा की. रजा दिली मी." बाईंनी जोंगीबाईकडे बघून मान हलवली. तिला तेवढं कळलं. तिनं लेकीपुढे हात केला.

सायकी बाईंच्या मागे सरकली. "मी नाही जात. घरी गेलं की मराठी बिघडते, तुम्हीच म्हणता."

"दोन दिवसांत काही बिघडत नाही. पाटी नाही अडकवणार मी."

"पण आजीला मराठी येत नाही, बाई. तिच्याशी बोलावं लागेल."

हे तिच्या आईला सांगायचं कुणी, आणि कुठल्या तोंडानं? लताबाई पोरीजवळ खाली बसल्या. तोंडून निघाली ती घरची बोली.

"जाय वं माय. म्हतारी वाट देखी ऱ्हायनी तुनी."

सायकीनं घाबरून ऑफिसकडे पाहिलं. "बाई, असं बोलू नका," ती कुजबुजली. "कुणी ऐकेल."

जोंगीबाईचा हात तसाच पुढे होता. ती कौतुकानं हसत होती. आपली लेक बाईंशी किती छान बोलते, हे तिला दिसत होतं.