दारासमोरची काळी मांजर

मांजर मी काढली होती. गावाकडे महाळुंग्याच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत एक जुनी काडेपेटी सापडली: लाल कागद, काळी मांजर, पिवळे डोळे, छपाई जराशी हललेली. वर्गातल्या अंजलीकडे तसलंच चित्र आहे, ऑनलाइन मागवलेलं, व्हिंटेज म्हणे. म्हटलं, विकत कशाला? पोस्टर कलरनं मोठ्ठी काढली, हललेल्या छपाईसकट, आणि फ्रेम करून घेतली.

भोसरीत भाड्यानं राहायचो तेव्हा घरमालक एक खिळा मारू द्यायचा नाही. मोशीचा हा फ्लॅट आमचा. भिंती काँक्रीटच्या, खिळा वाकतो, म्हणून पप्पांनी मित्राचं ड्रिल आणलं. म्हणाले, "पहिलं भोक तुझं. कुठं पाडू, सांग."

मी दारासमोरची भिंत दाखवली.

आणि आज वास्तुशांतीला पुतळाआत्या आली. आई भाकरतुकडा ओवाळायला बाहेर गेली, आत्याच्या पायांवर पाणी घातलं. आत्यानं आत बघितलं आणि पाय मागे घेतला.

"अगं बया! शुभ दिवशी काळतोंडी आडवी!"

"आत्या, ती भिंतीवर आहे. आडवी जाईल कशी?"

"लई तोंड चालतंय गं तुझं! बबन, काढ ते आधी."

कंपनीत सुपरवायझरला ऐकवणारे माझे पप्पा बहिणीसमोर एवढेसे होतात. "भाग्या, आजच्यापुरतं काढू या ना."

आजच्यापुरतं! आजच्यापुरतं काढलेलं परत कधीच लागत नाही, मला माहितेय. मी चित्राला पाठ लावून उभी राहिले.

"काढणार नाही. आणि आत्या, तुझ्या पिशवीतून ती काळी बाहुली डोकावतेय, दारावर टांगायला आणलेली. ती चालते?"

"ती येगळी. काय गं अनिता, पोरीला काय वळणबिळण हाय का न्हाई?"

आईनं नेहमीसारखी मान खाली घातली. मग आत्या हुकूम सोडावा तशी म्हणाली, "मी न्हाई आधी वलांडायची. अनिता, तू हो म्होरं. मग येते मी."

माझं डोकंच सणकलं. "म्हणजे वाईट काय व्हायचं ते आईला होऊ दे, असंच ना?"

आत गुरुजींची घंटा थांबली.

"तसं कोण म्हणलं?"

"तू! आत्ता! सगळ्यांसमोर!"

महाळुंग्याच्या रस्त्यावर मांजर आडवी गेली की दर वेळी आईच पुढे व्हायची. मला वाटायचं, आमची आई कसली धीट! धीट कसली, तिला पुढे ढकलत होते सगळे. आणि पप्पा? पप्पा तिच्या मागून चालायचे.

आईनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग आत आली, सरळ माझ्यासमोर. "सरक."

मी सरकले. तिनं फ्रेमला हात घातला, आणि माझ्या पाठीनं वाकडी झालेली ती फ्रेम सरळ केली.

"आले मी आधी, वन्सं," ती दाराकडे वळून म्हणाली. "शेवटचं. मांजर इथंच राहील. आता यायचं तर या, पूजा खोळंबलीय."

आत्या डोळे गच्च मिटून, पप्पांचा हात धरून आत आली. जेवतानाही मांजरीकडे पाठ करून बसली. बसू दे!

संध्याकाळी पप्पा ड्रिल घेऊन माझ्या मागेमागे. "भाग्या, दुसरं भोक कुठं पाडू?"

मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नव्हते. तरी सांगितलं, "आईला विचारा. तिला कधी कुणी विचारलंय?"