उठल्यावर फटका न्हाई

वारंगा फाट्याच्या अलीकडच्या तांड्यावरचा लखमा माणूस नेमाचा. बैलाला मारायचा तोही नेमानं. आधी डोक्याचा लाल रुमाल सोडून खुंटीवर टांगायचा. मग तळहातावर तळहात चोळायचा. मग काठी, तीही एकाच जागी, खांद्यामागच्या फासळीवर. मार खाणारा बैलही ठरलेला: म्हातारा मोऱ्या. मोऱ्या थकला की बसकण मारायचा आणि तो उभा राहीपर्यंत काठी चालायची. उठला की बंद.

"उठल्यावर एक फटका न्हाई मारला आपण," लखमा छाती काढून सांगायचा, जणू त्यासाठी मोऱ्यानं त्याच्या पाया पडायचं राहून गेलं होतं.

यंदा पेरणीत एकदा अठरा फटके झाले तरी तो बसूनच. एकोणिसाव्याला मोऱ्याच्या नाकातून रक्त आलं, तेव्हा तो उठला. मोजले ते लखमाच्या बायकोनं, नीलाबाईनं. जोडीतला दुसरा बैल, बांड्या, दर फटक्याला कान हलवत होता. त्यानं किती मोजले ते त्यालाच ठाऊक. बांड्या तरणा, देखणा. त्याच्या अंगाला काठी कधी लागली नव्हती.

"त्याला तरी तिकडं बांधत जा," नीलाबाई म्हणाली. "सगळं बघून राहिला त्यो. एक दिवस तुमचा जीव घेईल."

"बघू दे की. बैल काय शाळेत जातो व्हय?"

जात होता. मोऱ्याचा धडा तर पाठच झाला होता: रुमाल निघाला की काठीची वाट न बघता उभं राहायचं. रुमाल म्हणजे मार, हे बांड्या मोऱ्याकडं बघून शिकला. मारायचं कसं, ते लखमाकडं बघून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. त्या दिवशी काठीला सुट्टी. वर्षभर जू ओढलेले खांदे हळद-तुपानं मळायचे आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. फकीर नालबंदानं सकाळीच दोघांची शिंगं साळून टोकदार केली होती. नवी वेसण घालायची म्हणून बांड्याची जुनी काढली होती आणि दावंही सोडलं होतं. गरीब जनावर, कुठं जातंय?

लखमाचा रुमाल नवा होता. हळद लागू नये म्हणून त्यानं तो खुंटीवर टांगला. बसलेला मोऱ्या धडपडून उभा राहिला.

"बघा फकीरभाई, न मारता उठला!" लखमा हसला. हळद-तूप घेऊन त्यानं तळहातावर तळहात चोळला आणि बांड्याकडं वळला. "आवतन घ्या, उद्या जेवा…"

पुढचं तोंडातच राहिलं. बांड्याचं शिंग फासळीत घुसलं. लखमा उचलला गेला आणि शेणात आपटला. बांड्या दोन पावलं मागं सरला, थांबला, आणि पुन्हा त्याच फासळीवर आला. कडकन आवाज झाला. पुन्हा मागं. पुन्हा तीच फासळी. सदरा रक्तानं लाल झाला.

फकीर कासरा शोधत सुटला. नीलाबाईनं टोपलं फेकलं, दगड मारला. बांड्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. तिच्यावर त्याचा राग नव्हताच. चौथ्या धडकेला तिच्या डोक्यात लख्ख पडलं.

"उठा!" ती किंचाळली. "उभं ऱ्हा! उठल्याबिगर त्यो थांबायचा न्हाई!"

"न्हाई होत गं…"

"मोऱ्याला व्हायचं काय? उठा!"

लखमानं मोऱ्याचा पाय धरला, मग दावं, मग मान. तोंडातून रक्ताची लाळ गळत होती. मोऱ्या हलला नाही. त्याला धरून लखमा गुडघ्यावर आला. बांड्यानं मान खाली घातली. लखमा ओरडतच उभा राहिला.

बांड्या वीतभर अंतरावर थांबला. नाकपुड्या फुगलेल्या, शिंगाला हळद आणि रक्त.

लखमाचे गुडघे वाकायला लागले. बांड्याची मान पुन्हा खाली आली.

"वाकू नका!" नीलाबाई रडत म्हणाली. लखमा मोऱ्याच्या गळ्याला लटकून ताठ राहिला. तेवढ्यात फकीरनं शिंगांवर कासरा टाकला आणि दारातल्या निंबाला दोन वेढे दिले.

दवाखान्यात न्यायला पिकअप आली. मागं गोधडी अंथरली. फकीर म्हणाला, "लखमाभाऊ, आडवे व्हा, फासळ्या मोडल्यात."

लखमानं निंबाला बांधलेल्या बांड्याकडं बघितलं. तोही बघतच होता.

"न्हाई," लखमा म्हणाला आणि गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "उभाच येतो मी."